कंपन्याच देश चालवतात, हे पूर्वीपासून होतं की अलीकडचं?

तुम्ही विचारलंय, ‘कंपन्याच देश चालवतात असं हल्ली सगळेच म्हणतात. हे पूर्वीपासून होतं की अलीकडचं? आणि कुणी का चालवेना, माझ्या एका मताला त्याने काय फरक पडतो?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाशिककराला सोपं आहे. आमच्याकडे स्थळ सांगताना ‘मुलगा कंपनीत आहे’ म्हटलं की निम्मं काम होतं. कोणती कंपनी, सातपूरची, अंबडची की सिन्नर-माळेगावची, ते नंतर. कंपनी म्हणजे पीएफ, कँटीन आणि दिवाळीचा बोनस. दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात लोक ‘कुंपणी सरकार’ म्हणायचे, आणि त्याचा अर्थ होता राजा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याच वर्षी एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला पडला, आणि नाशिकवर जो अंमल आला तो लंडनमधल्या भागधारकांच्या एका कंपनीचा, ईस्ट इंडिया कंपनीचा. पुढची चाळीस वर्षं इथला शेतसारा तिच्या वह्यांत जमा होत होता. आपल्याकडे आधी कंपनीचं राज्य आलं, मग राणीचं, आणि सगळ्यात शेवटी लोकांचं. त्यामुळे ‘अलीकडचं’ म्हणायचंच असेल तर ते लोकशाहीला म्हणावं लागेल.

माझं काम अंबडमधल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब आणि कंपनी कायद्याचे फॉर्म भरण्याचं. रोज कंपन्या जन्माला घालतो आणि कधीकधी बंदही करतो. त्यामुळे कंपनी म्हणजे काहीतरी अगडबंब राक्षस, असं मला वाटत नाही. कंपनी म्हणजे सरकारने दिलेला एक कागद. त्या कागदावर अटी असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनी किती मोठी झाली याच्यापेक्षा त्या अटी कोणी, केव्हा आणि कोणाच्या नकळत काढल्या, हे बघावं.

ईस्ट इंडिया कंपनीचंच बघा. ३१ डिसेंबर १६०० ला एलिझाबेथ राणीने पंधरा वर्षांच्या मक्तेदारीची सनद दिली. सनद मुदतीची, म्हणजे ती पुन्हापुन्हा मिळवावी लागणार. मग जे व्हायचं तेच झालं. १६९५ मध्ये ब्रिटिश संसदेने चौकशी केली तेव्हा सनद टिकवण्यासाठी कंपनीने दरबारात आणि संसदेत पैसे वाटल्याचं उघड झालं आणि कंपनीचे गव्हर्नर सर थॉमस कुक यांची रवानगी लंडनच्या ‘टॉवर’ किल्ल्यातल्या तुरुंगात झाली. लाच उघडकीला आली, मग धडा काय घेतला? १६९८ मध्ये एका नव्या कंपनीने सरकारला वीस लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि उजळ माथ्याने सनद घेतली. पुढे जुनी आणि नवी एक झाल्या. म्हणजे टेबलाखालचा व्यवहार टेबलावर आला, इतकंच.

प्लासी १७५७, बक्सार १७६४, आणि १७६५ ला बंगालची दिवाणी. व्यापारी आता करवसुली करू लागला. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली आणि तरी वसुली चालू राहिली. दोनच वर्षांत कंपनी स्वतः गाळात गेली आणि १७७३ मध्ये ब्रिटिश सरकारने तिला चौदा लाख पौंडांचं कर्ज देऊन वाचवलं. बुडवायला फार मोठी झालेली कंपनी आपण आजच्या काळातली समजतो, पण अडीचशे वर्षांपूर्वी ती होतीच. तिच्या गोदामात साचलेला चहा अमेरिकेत खपवायला त्याच वर्षी कायदा केला. तो चहा डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात समुद्रात गेला, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मताचा. बंगालमधल्या शेतकऱ्याला मत नव्हतंच. इंग्लंडमध्ये ज्यांना होतं त्यांचे कितीतरी खासदार कंपनीचे भागधारक होते. हिंदुस्थानातून गब्बर होऊन परतलेले लोक तिथे मूठभर मतदारांचे मतदारसंघ विकत घेऊन संसदेत बसत. प्लासी जिंकणारा क्लाइव्ह स्वतः खासदार होता. १७८३ मध्ये तिथला मंत्री फॉक्स याने कंपनीवर संसदेचा लगाम बसवणारं विधेयक आणलं. कंपनीने आकांत मांडला, राजाही विरोधात होता. विधेयक वरच्या सभागृहात पडलं आणि त्यामागोमाग मंत्रिमंडळही गेलं. मतदान झालं, मोजणी झाली, सगळं रीतसर. फक्त ज्याने मत दिलं आणि ज्याचं ऐकलं गेलं, ती माणसं वेगळी होती.

एकोणिसाव्या शतकात सनदेची जागा नोंदणीने घेतली. इंग्लंडात १८५५ मध्ये आणि आपल्याकडे १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीची सोय आली. ‘लिमिटेड’ हा शब्द तिथला. धंदा बुडाला तर भागधारकाचे भागभांडवल जाईल, घरदार नाही. ही सोय वाईट नाही. तिच्याविना अंबडमधला एकही माणूस बँकेचं कर्ज काढून मशीन घेणार नाही. १८९६ मध्ये इंग्लंडातल्या सॅलोमन खटल्यात कंपनी ही मालकापासून वेगळी व्यक्ती, हे पक्कं झालं. आपल्या कायद्यात तर देवळातली मूर्तीसुद्धा व्यक्ती आहे, तिच्या नावावर जमीन असते. पण देव निवडणुकीला देणगी देत नाही. कंपनी देते. अमेरिकेत कंपन्यांच्या देणग्यांवर १९०७ मध्ये बंदी आली आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की निवडणुकीत स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करायला कंपनीला मोकळीक आहे. तो त्यांचा मामला, फार खोलात जात नाही.

आपला मामला आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात सुरू झाला, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९५७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीने काय करायचं ते लिहिलेल्या मूळ कागदात, बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण नाइलाजाने दिली, आणि निकालातच बजावलं की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो, संसदेने लक्ष घालावं. सार्वत्रिक निवडणुका जेमतेम दोनच झाल्या होत्या तेव्हा!

संसदेने लक्ष घातलं, पण कसं ते बघा. १९६० मध्ये मर्यादा घातली: पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, जे जास्त असेल ते. १९६९ मध्ये सरसकट बंदी. बंदीने पैसा थांबला नाही, तो पक्षांच्या स्मरणिकांतल्या जाहिरातींत आणि रोकड भरलेल्या बॅगांत गेला. १९८५ मध्ये बंदी उठली, पाच टक्क्यांची मर्यादा ठेवून. २०१३ च्या कायद्यात ती साडेसात झाली आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते ताळेबंदासोबत छापायची अट होती. माझ्यासारख्याला ही अट फार सोयीची. कुठल्याही कंपनीचं नफा-तोटा पत्रक उघडा, दिसेल.

२०१७ च्या वित्त विधेयकात ही अटच गेली. टक्केवारीची मर्यादा गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकली. पक्षाचं नाव सांगायची गरज गेली. आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचं नाव नसलेले कागद. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने आक्षेप नोंदवले होते, ते फायलीतच राहिले.

आता इथे माझं घर येतं. हे रोखे छापले गेले आमच्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. माझे वडील त्याच प्रेसमधून निवृत्त झाले, रोखे यायच्या पुष्कळ आधी. आमचं बालपण नेहरूनगरच्या क्वार्टर्समध्ये प्रेसच्या भोंग्यावर गेलं. तिथला नियम असा की कागद मोजून आत आणि मोजून बाहेर. फाटलेला, शाई लागलेला, वाया गेलेला प्रत्येक ताव हिशेबात. एक ताव कमी पडला तर सगळा सेक्शन थांबून शोधायचा, आणि गेटवर झडती रोजचीच. इतक्या चोख हिशेबाने जो कागद छापला, तो बाहेर पडल्यावर कोणाचा कोणाला गेला हे मात्र कोणाला सांगायचं नाही, असा कायदा. छपाईचा खर्च आणि बँकेचं कमिशनही सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून.

त्या रोख्यावर एक क्रमांक होता, साध्या डोळ्यांना न दिसणारा. अतिनील प्रकाशात धरला की दिसायचा. २०१८ मध्ये एका पत्रकाराने तो प्रयोगशाळेत तपासून उघड केला, तेव्हा सरकारने खुलासा केला की हे केवळ सुरक्षेसाठी आहे, खरेदीदार किंवा पक्षाच्या नावासमोर बँक त्याची नोंद ठेवत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली आणि अमर्याद देणग्यांची २०१७ ची दुरुस्तीही. स्टेट बँकेने माहिती द्यायला जूनअखेरपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने नाकारली. २१ मार्चला बँकेने क्रमांकही दिले, विकत घेणाऱ्यांचे आणि वटवणाऱ्यांचे. म्हणजे नोंद होती!

तुमच्या मताला काय फरक पडतो, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या क्रमांकात आहे. सहा वर्षांत साधारण साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. त्या काळात २०१९ ची लोकसभा आणि कितीतरी विधानसभा झाल्या. तुम्ही बूथवर गेलात तेव्हा बँकेला ठाऊक होतं, कंपनीला ठाऊक होतं, पक्षाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त रांगेतल्या माणसाला. निम्म्याच्या आसपास पैसा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाला गेला आणि मोठ्या लाभार्थ्यांत राज्याराज्यांतले सत्ताधारीही होते. तेव्हा एका पक्षाला शिव्या घालून हा विषय संपत नाही. चौकशी चालू असलेल्या काही कंपन्यांनीही रोखे घेतले. चौकशीमुळे घेतले का, हे यादी सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण मतदानाआधी यादी समोर असती तर तुम्ही निदान विचारलं असतं.

निवडणुकीबाहेरही हेच चालतं, जरा मऊ आवाजात. स्मार्ट सिटीची कामं करायला २०१६ मध्ये नाशिकमध्ये वेगळी कंपनी स्थापन झाली, महापालिका आणि राज्य सरकारच्या भागभांडवलावर, कंपनी कायद्याखाली. देशभर हीच पद्धत होती. काम लवकर व्हावं हा हेतू, त्यात गैर काही नाही. पण महासभेत नगरसेवक उठून प्रश्न विचारतो, गोंधळ घालतो, राजदंड पळवतो, आणि आपण गॅलरीतून बघतो. संचालक मंडळाच्या बैठकीला गॅलरी नसते. तसं आमच्या एका पक्षकाराचं. तो एका मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळण्याचा कायदा त्याच्या बाजूने आहे, बिलं चार महिने अडकतात. तक्रारीचा अर्ज मी दोनदा तयार केला. दोन्हीदा तो म्हणाला, ‘राहू द्या साहेब, पुढची ऑर्डर जाईल.’

मग सहकार बरा का? कागदावर बराच. साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही २००२ च्या दुरुस्तीने हेच तत्त्व मिळालं. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला ‘सह्याद्री’ ही शेतकऱ्यांची कंपनी त्याच कायद्याखाली उभी आहे. पण कारखान्याची निवडणूक म्हणजे विधानसभेची रंगीत तालीम हे आपल्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल, आणि एक माणूस एक मत असूनही काही कारखाने बंद पडून भाड्याने गेलेच. एका माणसाला एक मत हवंच, पण त्याच मतदाराला हिशेबाची वहीही उघडून बघता आली पाहिजे.

योजना रद्द झाल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा वडील जेवत होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, नफ्याची मर्यादा, गुप्तता, घटनेचं कलम. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे छापलेले सगळे रद्द? छपाईत तर चूक नव्हती ना?’ नव्हती, म्हटलं. मग ते परत जेवायला लागले.