डिपॉझिट परत हवंय, त्यासाठी आधार कशाला?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घणसोलीची जागा सोडून तुम्ही खारघरला आलात, जुनं ब्रॉडबँड बंद केलं आणि आता दोन हजारांचं डिपॉझिट परत मिळायचंय. 'बिलिंगमधून बोलतोय' म्हणणारा मुलगा स्वतःच्या व्हॉट्सॲपवर आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, सही केलेला कॅन्सल चेक आणि आधार हातात धरलेला सेल्फी मागतोय. आज नाही पाठवलं तर केस क्लोज होईल, असंही म्हणतोय. पाठवावं का?

व्हॉट्सॲपवर यातलं काहीही पाठवू नका.

तो मुलगा खोटाच आहे, असं मी म्हणत नाही. बहुतेक खराच असेल, आणि तो खरा असण्याचीच मला जास्त काळजी वाटते. मी ऐरोलीत एका कंपनीच्या बिलिंगच्या टेबलावर नऊ वर्षं काढली. आमच्या मजल्यावर मोबाईल तर सोडाच, पेन आणि कागदही आत नेता येत नसे. सगळं लॉकरमध्ये ठेवायचं आणि पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहून काम करायचं. पण बंद झालेल्या कनेक्शनची थकबाकी, राऊटर परत आणणं, परताव्याची कागदपत्रं गोळा करणं ही कामं बाहेरच्या एजन्सीकडे जायची. त्या एजन्सीचं ऑफिस म्हणजे तुर्भ्यातला एक गाळा, सात-आठ पोरं आणि ज्याचा त्याचा स्वतःचा फोन. दिवसाला अमुक केसेस संपवायच्या असतात. मेलवर फाइल यायला वेळ लागतो, व्हॉट्सॲपवर लगेच येते, म्हणून ते व्हॉट्सॲपवर मागतात. मग तुमचा आधार त्या पोराच्या गॅलरीत, त्याच्या भाचीच्या बारशाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. तीन महिन्यांनी तो नोकरी सोडतो, फोन त्याच्याबरोबर जातो. पुढे तो फोन विकला गेला, हरवला, धाकट्या भावाला दिला, तरी तुम्हाला काही कळायचं नाही. माणूस प्रामाणिक असला तरी तुमचा कागद कुठे पडून राहणार, हे त्याच्याही हातात नसतं.

कागद मागितला की मी एकच बघते, पैसा कुठून कुठे चाललाय.

पैसा तुमच्याकडून त्यांच्याकडे जात असेल, तर ग्राहक क्रमांकापलीकडे त्यांना काही लागत नाही. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट, पाइपच्या गॅसचा ग्राहक क्रमांक, ब्रॉडबँडचा अकाउंट नंबर, बस्स. नौपाड्यातल्या मावशीचं लाइट बिल मी गेली कित्येक वर्षं भरते. तू कोण, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. 'बिल अपडेट करायचंय, आधार पाठवा' असं कुणी म्हणालं, तर त्याला बिलाशी काही देणंघेणं नाही.

पैसा त्यांच्याकडून तुमच्याकडे येत असेल (तुमचं प्रकरण हेच), तर खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि आयएफएससी पुरे. एवढ्यावर खात्यात पैसे जमा होतात. काढायचे तर आणखी काहीतरी लागतं, आणि ते 'आणखी काहीतरी' म्हणजे बहुतेकदा ओटीपी, पिन किंवा सही. म्हणून कॅन्सल चेकवर सही करायची नाही. दोन तिरक्या रेघा मारून मध्ये ठळक 'कॅन्सल्ड' लिहिलं की काम झालं. आपल्याकडे लोक सवयीने खाली सहीसुद्धा ठोकून देतात. खाते क्रमांकासोबत सहीचा नमुना फुकट कशाला वाटायचा?

तिसरा प्रकार नाव बदलण्याचा. घर विकत घेतलं, मीटर आपल्या नावावर करायचाय, तिथे ओळखपत्र आणि जागेचे कागद मागणं रास्त आहे. ते कंपनीच्या पोर्टलवर किंवा ऑफिसात जाऊन द्यावेत.

आता आधारचं. कंपनीने अधिकृत मेलवरून ओळखपत्र मागितलंच, तर आधीच विचारा की मी ग्राहक आहे हे तुमच्या नोंदीत असताना हे कशासाठी हवं. द्यायचंच ठरवलं तर मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ई-आधार उतरवताना तो पर्याय निवडता येतो. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आठवत असेल, मे २०२२ मध्ये आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड वापरा, अशी सूचना यूआयडीएआयच्या बंगळुरूच्या विभागीय कार्यालयातून निघाली होती आणि गोंधळ झाल्यावर दोन दिवसांत मागे घेतली गेली. सूचना गेली तरी मास्क्ड आधारची सोय आजही आहे. प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त डिपॉझिट परताव्यासाठी', कंपनीचं नाव, तारीख. एक सांगून ठेवते, ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल हाच तो पासवर्ड, तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही जमेल. आणि सेल्फी? दोन हजारांच्या परताव्यासाठी मुळीच नाही.

फोनबद्दल. तुम्ही स्वतः कस्टमर केअरला फोन लावता तेव्हा जन्मतारीख, नोंदणीकृत मोबाईल, मागच्या बिलाची रक्कम विचारतात, ते ठीक आहे. आमच्या स्क्रीनवर ते सगळं दिसतच असायचं, आम्ही फक्त जुळवून खूण करायचो. फोन त्यांच्याकडून आला असेल तर मात्र ओळख पटवायचं काम त्यांचं. लोक हुशारीने उलट विचारतात, 'बरं, माझं मागचं बिल किती होतं सांगा?' समोरच्याने बरोबर आकडा सांगितला की विश्वास बसतो. हा पुरावा कुचकामी आहे. ग्राहक क्रमांक टाकला की बिल भरायच्या ॲपवर रक्कम दिसते, बऱ्याचदा नावही. आणि तो क्रमांक कुठे असतो? सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर पडलेल्या बिलांच्या गठ्ठ्यावर, नाहीतर जिन्याखालच्या उघड्या पत्रपेटीत. तेच बिल पत्त्याचा पुरावा म्हणूनही चालतं, हे आपण रद्दी घालताना विसरतो. मी नाव-पत्त्याचा तुकडा फाडल्याशिवाय बिल रद्दीत टाकत नाही. आमच्या ह्यांना ही माझी खोड वाटते. वाटू दे.

फोन आला की सरळ सांगा, 'तक्रार क्रमांक द्या, मी स्वतः फोन करते.' मग छापील बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला नंबर लावा. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. तिथे खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात.

माझ्या आईचीच गोष्ट. ती पाचपाखाडीत एकटी असते. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी तिला मेसेज आला की मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, अमुक अधिकाऱ्याला फोन करा. बिल तर मी पाच दिवसांपूर्वीच भरलेलं. तिने फोन केला. समोरचा अगदी 'आई, आई' म्हणत बोलला, एक फाइल पाठवली आणि 'ही इन्स्टॉल करून दहा रुपये भरा, सिस्टिममध्ये अपडेट होईल' म्हणाला. तिचा फोन जुना, जागा शिल्लक नव्हती, म्हणून फाइल उतरलीच नाही. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. आम्ही सुटलो ते गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेल्या फोनमुळे! ती एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उतरली असती तर तिचे मेसेज आणि ओटीपी पलीकडे वाचले गेले असते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री साडेनऊ' असं त्यात काही नाही. हे मी आईला मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावून दिलंय, खाली महावितरणचा १९१२ नंबर.

तुमच्या प्रश्नाखाली एका सदस्याने सुचवलंय की बिलाचा फोटो टाकून कंपनीला एक्सवर टॅग करा. टॅग जरूर करा, फोटो नको. अशा तक्रारींवर डोळा ठेवून कंपनीच्या नावाची नकली खाती 'डीएममध्ये नंबर द्या' म्हणत लगेच उत्तर देतात. दबावच आणायचा तर रीतसर आणा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा लागतो, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. 'केस क्लोज होईल' म्हणणाऱ्या पोराला तो क्रमांक विचारा, आवाज लगेच बदलतो.

कायद्याचं विचाराल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्याचा धाक घालून उद्या डिपॉझिट येईल असं नाही, पण 'कशासाठी हवं आणि किती दिवस ठेवणार' हे मेलमध्ये विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधीच काही पाठवलं असेल तर घाबरू नका. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाईल कनेक्शन आहेत ते बघा, अनोळखी दिसलं तर तिथेच कळवता येतं. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, मग सायबर पोलीस. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये आणलेल्या नियमाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी रात्रभर गप्प बसणं महागात पडतं.

कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर, तुमच्या नोंदणीकृत मेलवरून एवढंच लिहा: 'माझं कनेक्शन अमुक तारखेला बंद झालं आहे. परतावा पुढील खात्यात जमा करावा: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी. सही नसलेला कॅन्सल चेक जोडला आहे. आणखी कागद हवे असल्यास कारणासह याच मेलवर कळवावे. तक्रार क्रमांक द्यावा.' त्या मुलालाही सांगा, मेल केलाय. खरा असेल तर त्याला हायसं वाटेल, त्याची केस पुढे सरकते.

राऊटर अजून तुमच्याकडेच असेल, तर न्यायला येतील त्याआधी मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रिसेट करा, नाहीतर वायफायचा पासवर्ड त्यात राहतो. आणि सिरियल नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका. मी एकदा नुसत्या 'मॅडम, आलं बरं का सिस्टिममध्ये' वर विश्वास ठेवला, आणि 'राऊटर परत केलाच नाही' म्हणून आलेल्या पंधराशेच्या बिलावरून चार महिने भांडत बसले.