समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसाला शिडाच्या बोटीतून पॅसिफिकमधली बेटं फिरता येतील का?

तुम्ही लातूरचे. समुद्र फक्त मोबाइलवर पाहिलाय, पोहायला विहिरीत शिकलात, बोट घ्यायची ऐपत नाही, घरचे ऐकत नाहीत, तरी ताहितीकडची बेटं शिडाच्या बोटीतूनच बघायचीत, असं तुम्ही विचारलंय.

येतील. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. आमच्यापासून जवळचा समुद्र चारशे किलोमीटर. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, आणि २०१९ च्या मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांहून ताहितीच्या ईशान्येकडच्या मार्केसास बेटांपर्यंत शिडाच्या बोटीतून गेलो. बोट एका निवृत्त फ्रेंच जोडप्याची, चाळीस फुटी. ते दोघं आणि मी. मला शिडाचं फारसं कळत नव्हतं, पण मोटारी भरता यायच्या, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळता यायची. आयटीआय झाल्यावर चार वर्षं मी दुकानात बोअरच्या जळालेल्या मोटारी भरत होतो, मग थायलंडमधल्या एका बोटयार्डात वायरिंगची कामं केली. तिथल्या ओळखीतून या जोडप्याला माझं नाव कळलं. बाईंनी फोनवर एकच विचारलं: "बारा व्होल्टची मोटार खोलता येते का?"

म्हणून पहिली गोष्ट. बोट नसलेला माणूस दुसऱ्याच्या बोटीवर जातो तो हातातल्या कामाच्या जोरावर. डिझेल इंजिन, वायरिंग, शिवणकाम, स्वयंपाक, यातलं एक तरी चांगलं यावं. पोहण्याचं मला कुणी विचारलंच नाही. बोट ताशी सहा सागरी मैलांनी चालली असेल तर एका मिनिटात ती १८५-एक मीटर पुढे जाते. मागं पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं तेवढ्यात नारळाएवढं दिसायला लागतं, आणि लाटा असल्या तर तेही नाही. रात्री डेकवर जाताना छातीचा पट्टा दोरीला अडकवायचा, हा नियम काका (त्या जोडप्यातले नवरा; मी त्यांना काकाच म्हणायचो, त्यांनाही ते आवडायचं) एकदाही मोडू द्यायचे नाहीत.

गालापागोस ते मार्केसास हे अंतर सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. मध्ये एकही बेट नाही. आम्हाला बावीस दिवस लागले. वेग इतका की शाळेत जाणारा पोरगा सायकलवर सहज पुढं निघून जाईल. पहिले चार दिवस विषुववृत्ताजवळ वारा असून नसल्यासारखा. शिडं नुसती फडफडतात, बोट लाटांवर डुलते आणि पोटातलं सगळं वर येतं. बोट बहुतेकांना लागते. मला तीन दिवस लागली. मग दक्षिणेकडे थोडं सरकलं की शाळेच्या भूगोलातले ते व्यापारी वारे खरोखर मिळतात, आग्नेयेकडून, आणि मग आठवडाभर शिडाला हातसुद्धा लावावा लागत नाही. परीक्षेत मी त्यांची दिशा चुकवली होती.

यात साहस कुठं आहे असं विचाराल, तर दिवसा फारसं कुठं नाही. रोज सकाळी उठून डेकवर एक चक्कर मारायची आणि कुठला दोर कशावर घासतोय ते बघायचं. तोच दोर त्याच कप्पीवर बावीस दिवस घासतो. सतराव्या दिवशी मोठं शीड वर धरणारा दोर असाच तुटला आणि शीड खाली. खाली पडलेला खिळा किंवा पिन दिसली तर ती कुठून निसटली ते सापडेपर्यंत चहा नाही. रात्री तीन तासांचा पहारा, सहा तास झोप, पुन्हा पहारा. सुकाणू वाऱ्यावर चालणारं यंत्र धरतं, आपण फक्त मालवाहू जहाजं येताहेत का ते बघायचं. सोबतीला तारे. काकांनी एका रात्री सांगितलं की १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरच्या माऊ पियाइलुग यांनी 'होकुलेआ' नावाची जोडहोडी हवाईहून ताहितीला नेली, कसलंही यंत्र न वापरता, तारे आणि लाटांच्या अंदाजावर. मला तर पहिल्या रात्रीपासून ध्रुवतारा कुठं गेला तेच कळेना. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो क्षितिजाखाली जातो, हे नंतर समजलं.

आता पाण्याचं सांगतो, कारण तुम्ही लातूरचे आहात.

बोटीवर ४०० लिटरच्या टाक्या होत्या आणि समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन होतं. आपल्याकडं गावोगावी जारवाले वापरतात तोच आरओ, फक्त दाब कितीतरी जास्त. मशीन आहे म्हणून आम्ही हात सैल सोडला होता. नवव्या दिवशी मशीन बंद पडलं. टाकीत उरलं होतं दीडशे लिटर, माणसं तीन, तेरा दिवस बाकी. काका-काकूंचे चेहरे उतरले. मला मात्र, खरं सांगतो, घरी आल्यासारखं वाटलं. २०१६ मध्ये तुमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा आमच्याकडं टँकर आठ दिवसांनी यायचा. माणशी तीन लिटर, बाकी राखीव, हा हिशेब मी दोन मिनिटांत मांडून दिला. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची. भातात एक भाग खारं, दोन भाग गोडं, मग मीठ वेगळं नको. अंघोळ खाऱ्या पाण्यानं. त्याला साधा साबण फेसच देत नाही, भांडी घासायचा पातळ साबण देतो, आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी खांद्यावरून.

त्या मशीनची मोटार मी दोन दिवसांनी चालू केली. सील गळून खारं पाणी आत गेलं होतं, कॉम्युटेटर (मोटारीतला तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल) हिरवा पडला होता आणि त्याला वीज पोचवणारा एक कार्बन झिजून अडकला होता. सुटे कार्बन यादीत होते, डब्यात नव्हते. शेवटी बॅटरीवरच्या ड्रिल मशीनचे कार्बन काढले, पॉलिश पेपरवर घासून घासून मापात आणले. बोट हलत असताना ते करायचं म्हणजे पाय भिंतीला टेकवून, वस्तू मांडीत धरून, एक स्क्रू खाली गेला की संपलं. मशीन लागलं तेव्हा तासाला जेमतेम वीस लिटर यायला लागलं. काकूंनी त्या रात्री गोड्या पाण्यानं केस धुतले, आणि मी मनातल्या मनात त्यांना आमच्या आजीसारखा एक शब्द हासडला.

बेटांबद्दल थोडक्यात, कारण फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मार्केसास म्हणजे उभे काळे डोंगर, ज्वालामुखीचे. हिवा ओआवर कागदपत्रं होतात. गावातली माणसं पैशाऐवजी दोर आणि मासे पकडायचे गळ घेऊन पपनस देतात. आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या चौपट एकेक, आणि गोड. बावीस दिवसांनंतर ताजं फळ खाताना माणूस बोलत नाही. नोनो नावाच्या बारीक माश्या मात्र असं फोडून काढतात की आठवडाभर खाजवत बसाल.

तिथून सुमारे ५०० मैलांवर तुआमोतूची कंकणद्वीपं. बुडलेल्या ज्वालामुखीभोवती पोवळ्यांची कडी उरते, मध्ये तळं. हे असंच घडत असणार, असं चार्ल्स डार्विननं १८४२ मध्येच मांडलं होतं. जमीन इतकी सखल की आठ-दहा मैलांवर आल्यावर आधी माडांचे शेंडेच दिसतात. आत शिरायला कड्यात एक खिंड असते, भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून ओढ्यासारखं धावतं, त्यामुळे पाणी थबकायची वेळ साधायची. आणि सूर्य डोक्यावर असतानाच आत जायचं, म्हणजे पाण्याचा रंग वाचता येतो: गडद निळं खोल, फिकट हिरवं उथळ, तपकिरी दिसलं की खाली पोवळं.

तिथं नदी नाही, ओढा नाही. घराच्या पत्र्याचं पावसाचं पाणी पन्हळीनं सिमेंटच्या टाकीत साठवतात. एका घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. म्हातारीनं तांब्या बुडवण्याआधी टाकीच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, खालून वर, आवाज पोकळ झाला तिथं थांबली. आमची आजी टँकरच्या दिवसांत लोखंडी टिपावर नेमकं असंच करायची. मी हसलो तर म्हातारीला वाटलं मी तिला हसतोय. भाषा येत नव्हती, समजावता आलं नाही. ते अजून खटकतं.

आता कामाचं. लातूरहून शिडाची शाळा मुंबईपेक्षा हैदराबादला जवळ आहे. हुसेनसागरात यॉट क्लब ऑफ हैदराबाद शिकवतो, तिथं लहान होडीत दोन-तीन हंगाम काढा. तळ्यातला वारा फसवा असतो, हात त्यातच बसतो. भारतीयांनी मोठी सफर केलेली नाही असंही नाही. नौदलातले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, २०२४-२५ मध्ये नौदलाच्या दोन महिला अधिकारी 'तारिणी'तून जाऊन आल्या. पण तो दक्षिणेकडचा थंड, खवळलेला समुद्र. तुम्ही विचारताय ते त्यापुढं सोपं आहे. हंगाम सांभाळा: नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचे दिवस असतात, आणि म्हणून बोटी मार्च-एप्रिलमध्ये निघतात, म्हणजे पुढच्या बेटांकडे जाईपर्यंत ते दिवस सरतात. ही सगळी बेटं फ्रान्सच्या ताब्यातल्या फ्रेंच पॉलिनेशियात येतात, म्हणून व्हिसा घेताना त्यावर 'फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध' असं वेगळं लिहून घ्या, युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथं चालत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःजवळ ठेवा, बोटमालकाशी पटलं नाही तर पहिल्या बेटावर उतरता आलं पाहिजे. निघण्याआधी आठवडाभर किनाऱ्यालगत त्यांच्यासोबत फिरून बघा. ज्वारीचं पीठ नेऊ नका, कडू होतं आणि हलत्या चुलीवर भाकरी थापता येत नाही. थालीपिठाची भाजणी न्या.

घरच्यांचं. आई निघताना म्हणाली होती, "इथं प्यायला पाणी नाही म्हून तू खाऱ्या पाण्यात जाऊ लालास का?" तिच्या समाधानासाठी बोटीवर उपग्रहाचं यंत्र होतं, ते नकाशावर आमचं टिंब दाखवायचं. शेजारचा पोरगा रोज संध्याकाळी तिला मोबाइलवर ते दाखवी. आम्ही दिवसाला १३० मैल कापत होतो, पण अख्ख्या पॅसिफिकच्या नकाशावर ते टिंब हलल्यासारखं दिसेचना. पाचव्या दिवशी तिनं त्या पोराकडून निरोप लिहून पाठवला: बोट बंद पडलेली दिसते, मोटार खोलून बघ.