कंट्रोल ग्रुप काय करतो, ते आधी विचारा

प्रश्न : मानसशास्त्रातली माझी पीएचडी संपत आली आहे. सरावाने ज्येष्ठांची स्मरणशक्ती सुधारते का, हे मेंदूच्या स्कॅनमधून तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळते आहे. स्कॅनिंगचा अनुभव शून्य. शिवाय 'मेंदूचे व्यायाम' हे थोतांड आहे, असंही ऐकते. जावं का?

उत्तर : अनुभवाची चिंता सोडा. मशीनचे नियम, पायथनमधलं प्रोग्रॅमिंग, डेटाची साफसफाई हे काम करता करता येतं. मानसशास्त्रातून आलेल्या माणसाला प्रयोग कुठे फसतो ते दिसतं, आणि या क्षेत्राला त्याचीच जास्त गरज आहे.

आता थोतांडाबद्दल. २००८ साली ड्युअल एन-बॅक नावाच्या, काही पावलं आधी काय दिसलं आणि ऐकलं ते सतत लक्षात ठेवायच्या सरावाने नवे प्रश्न सोडवण्याची बुद्धी वाढते, असा निष्कर्ष गाजला. पुढे ज्या अभ्यासांत कंट्रोल ग्रुपला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, तो सराव न करणाऱ्या दुसऱ्या गटालाही तितकंच गुंतवणारं काम दिलं, त्यांत तो फायदा बहुतांशी विरला. २०१० मध्ये ११,४३० जणांच्या ऑनलाइन अभ्यासात लोक सराव केलेल्या खेळांत तरबेज झाले; बाकी कामांत फरक पडला नाही. पण पासष्टीपुढच्या २,८३२ जणांवरच्या 'ॲक्टिव्ह' चाचणीत तर्क आणि वेग यांच्या सरावाचा फायदा त्या-त्या कौशल्यात दहा वर्षांनीही दिसला. स्मरणशक्तीच्या सरावाचा तेवढा टिकला नाही. म्हणजे थोतांड नाही, पण जाहिरातींतलं आश्वासनही खरं नाही.

म्हणून प्रमुखांना पहिला प्रश्न विचारा : तुमचा कंट्रोल ग्रुप काय करतो? 'काहीच नाही' असं उत्तर आलं, तर मी तरी जाणार नाही.

कारण सांगते. माझ्या कामात सत्तरीच्या आजी पहिल्यांदा एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते रक्तप्रवाहावरून टिपणाऱ्या स्कॅनच्या, बोगद्यात जातात, तेव्हा ठोक्यांच्या आवाजाने दचकतात, आवंढा गिळतात, पाय सावरतात. डोकं दोन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडायला पुरे. चित्रातला एकेक ठोकळा साधारण तेवढाच असतो. सराव संपवून त्या परत येतात तेव्हा आवाज ओळखीचा झालेला असतो, मला नावाने हाक मारतात, आत निवांत पडून राहतात. दुसरं चित्र स्वच्छ येतं. हा बदल सरावाचा की सवयीचा? दुसऱ्या गटातले आजी-आजोबाही तितक्याच वेळा आले, तितक्याच गप्पा झाल्या आणि दोन्ही वेळा स्कॅन झाला, तरच सांगता येईल.

दुसरा प्रश्न : सरावानंतर मेंदूतला सिग्नल वाढेल की घटेल, हे आधी नोंदवून ठेवलं आहे का? वाढला तर 'मेंदू जास्त कामाला लागला', घटला तर 'कमी कष्टात काम होऊ लागलं', असं दोन्हीकडून यश म्हणता येतं. ही पळवाट मला मनापासून खटकते.

आणि मुदतीचं बघा. माणसं जमवायची, आठवडेच्या आठवडे सराव, दोनदा स्कॅन, मग पाठपुरावा. दोन वर्षांत तुमच्या हाती पुरा डेटा येईलच असं नाही. तेव्हा प्रयोगशाळेकडे आधीचा गोळा केलेला डेटा आहे का, त्यावर पहिल्याच महिन्यापासून काम करता येईल का आणि त्या लेखावर तुमचं नाव पहिलं असेल का, हे होकार देण्यापूर्वी लेखी मागून घ्या.