वॉर्ड, प्रभाग, गट, गण : कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आला आहे : 'वॉर्डालाच मराठीत प्रभाग म्हणतात आणि खेड्यात त्याचेच नाव गट किंवा गण, असे धरून लिहिले तर चालेल का?'

नाही चालणार. या शब्दांमागे वेगवेगळे कायदे आहेत, आणि मतदाराने किती मते द्यायची तेही यांवरूनच ठरते. नाशिकरोडकडून देवळालीमार्गे भगूरकडे जाऊन पाहा. नाशिकरोड महापालिकेत, तिथे 'प्रभाग'. देवळाली छावणी परिषदेत, म्हणजे कॅन्टोन्मेंटमध्ये, तिथे 'वॉर्ड' हाच बरोबर शब्द. भगूरला नगर परिषद, म्हणून पुन्हा 'प्रभाग', पण महापालिकेपेक्षा लहान. भगूरच्या पुढे लहवितला ग्रामपंचायत आहे, तेव्हा तिथला मतदार जिल्हा परिषदेच्या 'गटा'त आणि पंचायत समितीच्या 'गणा'त येतो.

आधी गट आणि गण, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. 1961 च्या जिल्हा परिषद कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेचा एक सदस्य जिथून निवडून येतो तो गट. त्याचे दोन भाग करतात, ते पंचायत समितीचे गण. म्हणून गणांची संख्या गटांच्या नेमकी दुप्पट असते. नाशिक जिल्ह्यात 2017 ला 73 गट आणि 146 गण होते. ग्रामीण मतदार दोन मते देतो, एक गटासाठी आणि एक गणासाठी. गटाला बहुधा त्यातल्या मोठ्या गावाचे नाव देतात आणि दोनपैकी एका गणालाही तेच नाव असते. त्यामुळे नुसते 'अमुक गावातून उभे आहेत' म्हटले तर उमेदवार जिल्हा परिषदेचा की पंचायत समितीचा, ते कळत नाही. बातमीत 'गट' किंवा 'गण' लिहिलेच पाहिजे. सरकारी कागदात गटाला 'निवडणूक विभाग' आणि गणाला 'निर्वाचक गण' म्हणतात.

हा 'विभाग' नाशिककरांना हमखास गोंधळात टाकतो. शहरात विभाग म्हणजे पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड, नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम हे महापालिकेचे सहा प्रशासकीय भाग. तिथून कोणी निवडून येत नाही. त्यात भर म्हणजे विभागाच्या समितीचे नाव 'प्रभाग समिती', आणि ती एका नव्हे तर त्या विभागातल्या सगळ्या प्रभागांसाठी असते. हे नाव बदलायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आता महापालिकेचा प्रभाग. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. नाशिकमध्ये 2017 ला 31 प्रभागांतून 122 नगरसेवक निवडले गेले : 29 प्रभाग चार सदस्यांचे, दोन प्रभाग तीन सदस्यांचे. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात आणि यंत्रावरच्या मतपत्रिकांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. मतदाराला प्रत्येक जागेसाठी एकेक मत द्यायचे असते. आपल्या माणसापुढचे एकच बटण दाबून निघालात तर मतदान पूर्ण होत नाही. यंत्र उरलेल्या मतांसाठी थांबते आणि रांगही थांबते. शेवटच्या जागेचे मत दिल्यावर लांब आवाज येतो, तोवर जागचे हलू नये. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता 'नोटा' दाबता येतो. एका पक्षाच्या चौघांना मिळून 'पॅनेल' म्हणतात, पण हा बोलीतला शब्द आहे. यंत्रावर पॅनेलचे एक बटण नसते, चारही वेगळीच दाबावी लागतात. चारही मते एकाच पक्षाला द्यायची सक्तीही नाही.

म्हणून महापालिकेसाठी 'वॉर्ड' हा शब्द मी टाळतो. जुन्या एकसदस्यीय रचनेमुळे तो तोंडात बसला आहे, आणि त्यातून 'आपल्याला एकच मत' हा समजही टिकून आहे.

उभे राहणाऱ्याने तर शब्द जपूनच वापरावेत. वय 21 पूर्ण हवे. महापालिकेसाठी नाव शहरातल्या कोणत्याही प्रभागाच्या मतदारयादीत असले तरी चालते, पण सूचक, म्हणजे अर्जात उमेदवाराचे नाव सुचवणारा, मात्र ज्या प्रभागातून लढायचे त्याच प्रभागाचा मतदार लागतो. 'सूचक नाशिकचाच आहे' एवढ्यावर भागत नाही, आणि छाननीत अर्ज बाद होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. महापालिकेची अनामत सर्वसाधारण उमेदवाराला 5,000 रुपये, राखीव प्रवर्गाला निम्मी.

अर्जावर नुसता प्रभाग क्रमांक अपुरा; जागेचे अक्षरही लिहावे लागते, कारण आरक्षण प्रभागाला नसून जागेला असते. अ जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी असेल आणि त्याच प्रभागातली ड जागा सर्वसाधारण असेल. तेव्हा 'आमचा प्रभाग राखीव झाला' हे वाक्य नाशिक शहरात चूक आहे. 'आमच्या प्रभागातली अ जागा राखीव झाली' असे म्हणावे. गट, गण किंवा मुंबईचा प्रभाग यांच्याबाबतीत मात्र 'राखीव झाला' हे बरोबर, कारण तिथे जागा एकच असते.