पहिलं वर्ष: डिसेक्शन, जर्नल आणि हजेरी

प्रश्न: परळच्या मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश मिळालाय. हॉस्टेल अजून मिळालेलं नाही, डोंबिवलीहून ये-जा करणार. डिसेक्शनची (मृतदेहाच्या विच्छेदनाची) धास्ती वाटते. चक्कर आली तर? आणि एवढ्या प्रवासात अ‍ॅनाटॉमी कधी करायची?
– विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर: चक्कर येण्यात भीतीइतकाच वाटा रिकाम्या पोटाचा आणि तासन्‌तास एका जागी उभं राहण्याचा असतो. लोकल गाठायच्या घाईत नाश्ता राहून जातो. तसं करू नकोस, पोळी-भाजी खाऊनच नीघ. डिसेक्शन हॉलमध्ये पायांची हालचाल करत राहा. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तर दाराकडे चालत जाऊ नकोस, तिथेच जमिनीवर बस, डोकं गुडघ्यांमध्ये घाल आणि शेजारणीला सांग. बहुतेकांना लागतं ते चक्करेने नव्हे, पडताना टेबलाची कड लागून.

देह टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात. त्याची वाफ ओलाव्यात चटकन विरघळते, म्हणून डोळे आणि नाक यांना आधी त्रास होतो. त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा लाव. पूर्ण बाह्यांचा अ‍ॅप्रन, हातमोजे, पुढून बंद बूट, बांधलेले केस. मोबाइल बाहेर ठेव. टेबलावर आहे तो एका माणसाचा देह आहे, त्याचा फोटो कधीही काढायचा नाही.

सामान थोडकं पुरतं: 4 नंबरचं हँडल आणि 22 नंबरची ब्लेड त्वचेसाठी, 3 नंबरचं हँडल आणि 15 नंबरची ब्लेड बारीक कामासाठी, एक दातेरी आणि एक साधा चिमटा, बोथट टोकांची कात्री. ब्लेड बोटांनी बसवू नकोस, आर्टरी फोर्सेप्सने (पकडीसारख्या चिमट्याने) धरून बसव. बोटं कापतात ती बहुधा इथेच.

आता खरं काम: काख आणि हात उलगडणं. नवख्या हातांकडून पहिली चूक होते ती त्वचा काढताना. ब्लेड खोल गेली की चरबीसकट त्वचेच्या नसाही (नर्व्ह) निघून येतात, आणि मग त्या शोधण्यात तास जातो. त्वचा दातेरी चिमट्याने ताणून धर आणि ब्लेडची धार त्वचेच्या बाजूला ठेव. काखेत पोहोचलीस की ब्लेड बाजूला ठेव. बंद कात्री नसेच्या दिशेने आत घालायची आणि आत उघडायची. नस तुटत नाही, भोवतीची चरबी सुटते. आडवी उघडलीस तर नस गेलीच म्हणून समज. वाटेत येणाऱ्या शिरा (व्हेन) शिक्षकांना विचारून काढून टाक, त्याशिवाय मागचं काही दिसत नाही. मग दंडाच्या वरच्या भागातला कोराकोब्रॅकिआलिस स्नायू शोध. त्यात शिरणारी नस म्हणजे मस्क्युलोक्युटेनियस. तिचा माग वर काढत गेलीस की लॅटरल कॉर्ड, म्हणजे नसांचा बाहेरच्या बाजूचा जाड जुडगा, हाती लागते. तिथून मीडियन नसेची दोन मुळं आणि अल्नर नस दिसली, की अ‍ॅक्सिलरी आर्टरीच्या (काखेतल्या धमनीच्या) पुढे इंग्रजी एम अक्षर तयार झालेलं दिसेल. हा एम एकदा स्वतःच्या हाताने सोडवला की ब्रॅकिअल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचं जाळं, निम्मा पाठ झाला.

उरलेला निम्मा त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून: सी 5 ते टी 1 ही पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड. अडेल तिथे पुस्तक उघड. चार दिवसांनी पुन्हा काढ. हे राहून गेलं की पार्ट कम्प्लिशनच्या (शरीराचा एक भाग संपल्यावरच्या परीक्षेच्या) आदल्या रात्री सगळं नव्याने वाचावं लागतं, आणि एका रात्रीत ते होत नाही. उभ्याने प्रवास असेल तर गाडीत जाडं पुस्तक काढूच नकोस. डोळे मिटून आज हाताळलेल्या स्नायूंच्या नसा आणि कामं आठव, अडलेलं घरी पाहा. अ‍ॅप्रन वेगळ्या पिशवीत, घडी घालून. अंगात घालून स्टेशनवर नको.

प्रश्न: बारावीपर्यंत मराठी माध्यम. लेक्चर समजतं, पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तोंड उघडत नाही.
– विद्यार्थी, भायखळा

उत्तर: वाचन कमी पडतंय असं नाही, बोलण्याचा सराव कमी पडतोय. रोज रात्री एक उत्तर मोठ्याने म्हण, रूम पार्टनरसमोर म्हटलंस तर उत्तम. क्रम ठरलेला ठेव: स्नायू असेल तर उगम, शेवट, नस, काम. हाड हातात दिलं की आधी बाजू ओळख आणि ते स्वतःच्या अंगावर योग्य स्थितीत धर. क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं कॉलरबोन) असेल तर जाड टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर, खोबण खालच्या बाजूला. ही चार वाक्यं इंग्रजीत घोटून ठेव. सुरुवात अडखळली नाही की पुढचं सुचतं. व्याकरण चुकलं तरी थांबू नकोस, परीक्षक हाडाबद्दल विचारतो आहे.

प्रश्न: फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला माझंच हिमोग्लोबिन एकदा 9 आणि एकदा 13 येतं. कुठे चुकतं?
– विद्यार्थिनी, सायन

उत्तर: साहलीच्या पद्धतीत आम्लाने तपकिरी झालेल्या रक्ताचा रंग ठरलेल्या रंगाशी जुळवून हिमोग्लोबिन मोजतात, आणि तिच्यात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. नळीत एन बाय 10 हायड्रोक्लोरिक आम्ल 20 टक्क्यांच्या खुणेपर्यंत घे. बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाक आणि बोट पिळू नकोस. पिळलं की पेशींबाहेरचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा कमी येतो. पिपेटमध्ये 20 घन मिलिमीटर रक्त, मध्ये हवेचा बुडबुडा नको. पिपेट बाहेरून पुसली नाही तर जास्तीचं रक्त आत जातं, आकडा वाढतो. त्यानंतर पूर्ण 10 मिनिटं थांब. घाई इथेच होते: अ‍ॅसिड हिमॅटिन (तो तपकिरी रंग) पुरतं तयार न होताच पाणी घातलं की रंग फिका राहतो आणि आकडा खाली येतो. शेवटी डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालायचं. रंग जुळल्यानंतर पडलेला एक जादा थेंबही आकडा फुगवतो. वाचताना काचेची कांडी द्रवाच्या वर उचलून धर.

प्रश्न: मुलगा घरी आला की झोपतोच. हजेरीची काळजी वाटते. नियम काय आहे?
– पालक, ठाणे

उत्तर: थिअरीला किमान 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, नाहीतर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. पहिलं वर्ष पास होण्यासाठी चारच संधी असतात, आणि त्याशिवाय पुढे जाता येत नाही. हजेरी वर्षाअखेरीस भरून काढू म्हणाल तर तेवढे तास उरलेले नसतात, म्हणून दर महिन्याला त्याने विभागाच्या नोंदींशी स्वतःचा आकडा ताडून पाहावा. जर्नलवर (प्रॅक्टिकलच्या वहीवर) सह्याही त्याच आठवड्यात घ्याव्यात. झोपेबद्दल त्याला टोकू नका. रात्री सहा-सात तास सलग झोप होते का, तेवढं पाहा. मात्र जेवण टाळणं, कुणाशी न बोलणं, रात्रभर जागं राहणं असं दोन आठवडे दिसलं, तर कॉलेजच्या मेंटॉर शिक्षकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. रॅगिंगची शंका आली तर 1800-180-5522 ही देशपातळीवरची हेल्पलाइन आहे.