बडोद्याहून मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन स्टॅच्यू ऑफ युनिटी एका दिवसात होतं का?

होतं, पण सोमवार सोडून जा. त्या दिवशी बंद असतं. आमच्याकडे पाहुणे आले की ही फेरी ठरलेलीच, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

बडोद्याहून डभोईमार्गे पुतळ्याचं गाव केवडिया साधारण ९० किलोमीटर. सकाळी सातला दांडिया बाजारातून निघालात तर ऊन चढायच्या आत पोचाल. पुतळ्याच्या आत वर जाऊन परिसर बघायची गॅलरी आहे, तिचं तिकीट वेगळं आणि वेळ ठरलेली असते, ते घरूनच ऑनलाइन काढा. पुतळा १८२ मीटर उंच. गॅलरी मात्र सरदार पटेलांच्या छातीच्या उंचीवर आहे, डोक्यात नाही. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर वर गेल्यावर हिरमोड होतो! तिथल्या जाळीतून सरदार सरोवर धरण आणि नर्मदेचं पात्र दिसतं.

आजींच्या गुडघ्यांची काळजी नको. सरकते पट्टे, सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. खरा त्रास उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये ज्येष्ठांना नेऊच नका, दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

आणि हो, हा पुतळा घडवणारे राम सुतार मूळचे आपल्या धुळ्याकडचे, गोंदूरचे. आमच्या आजोबांना पुतळ्यापेक्षा याचंच कौतुक जास्त.

संध्याकाळचा लेझर शो बघायचा असेल तर घरी यायला रात्र होते. मुलं लहान असतील तर मी तो सोडून देईन. त्यापेक्षा परतताना उजेड असताना डभोईला थांबून हिरा भागोळ या जुन्या वेशीचं कोरीवकाम बघा.