म्हाताऱ्या मनीसाठी घर शोधताना

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. गल्लीतल्या आजी गेल्या, मुलांनी दिवसकार्य आटोपून घराला कुलूप लावलं नि सुरत गाठली, त्यांची म्हातारी मांजर मनी तेवढी ओट्यावर राहिली, आणि तिला घर शोधायचं तू मनावर घेतलंस. अमळनेर-पारोळ्याकडच्या जुन्या गल्ल्यांत हे आता नवं राहिलेलं नाही. ‘मांजरले काय व्हस’ म्हणतात आणि निघून जातात. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरी त्या मुलांशी भांडायला जाऊ नकोस. फोन कर आणि गोड बोलून माहिती काढ. वय किती, ऑपरेशन झालंय का, लस कधी दिली, आजी तिला काय खाऊ घालत, पाणी जास्त प्यायला कधीपासून लागली. भांडलीस तर फोन ठेवतील, आणि ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही.

तू लिहितेस की ती सारखी पाणी पिते, लघवी खूप करते, पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतात आणि चालताना फरशीवर नखं टकटक वाजतात. नखं वाजणं हे वयाचं लक्षण. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होतात, पुरती आत जात नाहीत. पंजा उलटा करून बघ, कधीकधी वाढलेलं नख गादीत रुतून बसलेलं असतं आणि लंगडण्याचं कारण तेवढंच निघतं. बाकीच्या लक्षणांवरून तुला किडनीची शंका आली, मलाही तीच आली. पण मधुमेहात आणि थायरॉईड वाढल्यावरही मांजर असंच पाणी पितं आणि असंच वाळतं. त्यामुळे नुसत्या क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर, थांबू नको. साखर, थायरॉईड आणि लघवीचा घट्टपणा हे सगळं बघायला सांग.

आणखी एक. सध्या आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतोय. उन्हात राहिलेलं मांजर आधीच सुकलेलं असतं, आणि सुकलेल्या अंगात क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. पहिला आकडा बघून रडत बसू नकोस. दोन-चार दिवस डॉक्टरांकडून तिच्या अंगातलं पाणी भरून घे, मग पुन्हा तपास. तो दुसरा आकडा धरायचा. १.६ ते २.८ म्हणजे किडनीच्या आजाराची दुसरी पायरी, तिथून ५ पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. दुसऱ्या पायरीवरची मांजरं नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं जगतात. मात्र किडनीचं बरंचसं काम बंद पडेपर्यंत हा आकडा हलत नाही, म्हणून दुसरी पायरी ऐकून निर्धास्तही होऊ नको. रक्तदाब मोजून घे. भर उजेडातही तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच दिसत असतील, भिंतीला धडकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. रक्तदाब वाढून मांजर एका रात्रीत आंधळं होतं.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींत गेली, मांजरं मी निवृत्तीनंतर शिकलो. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही त्यांची सवय कमी असते, त्यात त्यांचा दोष नाही. जळगाव, धुळे किंवा नाशिकला कुत्र्या-मांजरांचा स्वतंत्र दवाखाना चालवणारा डॉक्टर धर. अंगात पाणी राहावं म्हणून वरचेवर द्यायचं सलाईन मात्र घरीच लावायला शिकून घे. डॉक्टरांनी रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन लिहून दिलं तर ते औषधांच्या दुकानात मिळतं. ग्लुकोजची बाटली चुकूनही आणू नको, कातडीखाली ती चालत नाही. दोन खांद्यांच्या मध्ये सैल कातडी चिमटीत उचल, त्या पोकळीत सुई घाल, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच सोड. साधारण मांजराला एका वेळी शंभर मिलिलीटरच्या आसपास देतात. त्या जागी टेंगूळ येतं आणि हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतं. घाबरू नको, काही तासांत ते जिरतं. थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे उलटं. फडताळातली बाटलीच तापलेली असते, मनगटावर थेंब टाकून बघ.

घरातलं औषध देऊ नको. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. खाणं दोन दिवस बंद राहिलं तर वाट न बघता दवाखान्यात ने. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि मूळ दुखण्याआधी तीच मारते. तुझ्या घरची दोन मांजरं आणि ही, यांना ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांत एकमेकांना लागणाऱ्या विषाणूंची तपासणी होईपर्यंत एकत्र आणू नको. खोली वेगळी, भांडी वेगळी. ती चावली तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धू आणि रेबीजची लस घे, टाळाटाळ नको.

आता घर शोधण्याचं. तू लिहिलेला मजकूर मी वाचला. ‘बिचारी’, ‘शेवटचे दिवस’, ‘कुणी देवमाणूस’, वर डोळ्यांत पाणी आणणारा फोटो. हे सगळं काढ. कळवळ्याने धावत येणारा माणूस पंधरवड्यात सुईला कंटाळतो, आणि मनी पुन्हा कुणाच्या तरी ओट्यावर. आजार पहिल्या ओळीत लिही. वय, किडनीची पायरी, आठवड्यातून किती वेळा सलाईन, महिन्याचा खर्च तुझ्याच पावत्या बेरजून. मग तिचा स्वभाव, शेवटी फोटो. शंभरातले नव्वद जण पुढे वाचणार नाहीत. न वाचू देत, तुला एकच घर हवंय.

जो येईल त्याला चहा पाज आणि त्याच्यासमोर मनीला सलाईन लाव. पुढच्या वेळी सुई त्याच्या हातात दे. हात थरथरला तर हरकत नाही, पण जो तोंड फिरवून ‘घरी बायको करेल’ म्हणतो, त्याच्या बायकोलाच बोलाव. घरात मासळी-मटण शिजत नसेल तर मांजराचं विकतचं खाणं आणणार का, ते स्पष्ट विचार. आपल्याकडे शाकाहारी घरं भरपूर, माणसं प्रेमळ, पण दूध-पोळीवर मांजर जगत नाही. मांसातलं टॉरिन हे पोषकद्रव्य न मिळाल्याने डोळे आणि हृदय जातं, आणि दुधातलं फॉस्फरस आजारी किडनीला नकोच असतं. ‘आम्ही प्रेमाने दूध देऊ’ म्हणणाऱ्या आजींना नाही म्हणणं जड जातं, तरी म्हण. आणखी विचार, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलात, लग्नसराईत आठवडाभर घर बंद राहिलं, तर तिला कोण बघणार? याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असेल, तो माणूस मला आवडेल.

दिल्यावर पहिला महिना तिला एकाच खोलीत ठेवायला सांग. तुझी सलाईनची वही, कोणत्या तारखेला किती दिलं, वजन किती भरलं, ती सोबत दे. नाही जमलं तर मांजर तुझ्याकडेच परत येईल, दुसऱ्या कुणाला देणार नाहीत, हे कागदावर लिहून घे.

आणि कुणीच मिळालं नाही तर? तेव्हा तुझ्या आईशी बोलावं लागेल. तू गावाला गेलीस की सुई त्यांनाच लावायची आहे, तेव्हा आतापासून त्यांना जवळ बसवून दाखवत जा. रिपोर्टचा फोटो पाठव, लघवीच्या आकड्यांसकट.

तुझा,
काका